फिजीला व्हिसा लागत नाही, पण...

परदेशी जायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो व्हिसाचा. वकिलातीचे अर्ज, बँकेचे उतारे, फोटोचा नेमका आकार, मुलाखतीची तारीख आणि मग पासपोर्ट हाती परत येईपर्यंतची धाकधूक. म्हणूनच अमुक देशात भारतीयांना व्हिसा लागत नाही असे कळले की घरातल्या सगळ्यांना हायसे वाटते. तिकिटे काढली जातात, बॅगा खाली उतरतात, नातेवाइकांना फोन होतात. गफलत होते ती नेमकी इथे. आधी व्हिसा काढावा लागत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही असा नव्हे. वकिलात जे प्रश्न निघण्यापूर्वी विचारते, तेच प्रश्न अशा वेळी विमानतळावरच्या खिडकीत विचारले जातात, एवढाच काय तो फरक. उत्तर चुकले तर घर मात्र तिथून हजारो किलोमीटर दूर असते.

प्रशांत महासागरातील फिजी हा असाच एक देश. भारतीय पासपोर्टधारकाला तिथे पर्यटनासाठी किंवा नातलगांना भेटण्यासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. पोहोचल्यावर पासपोर्टवर अभ्यागताचा परवाना मिळतो, तो चार महिन्यांपर्यंतचा. मोठ्या देशांच्या मानाने ही सवलत उदार म्हणावी लागेल.

समजा, सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी. जावई सुव्यात नोकरीला, लेक तिथेच आणि तिचे पहिले बाळंतपण जवळ आलेले. काकू म्हणतात, "अहो, फिजीला व्हिसा लागत नाही म्हणे! मग उशीर कशाला? पुढच्याच महिन्यात निघू या." गुरुजी म्हणतात, "अगं, व्हिसा लागत नसला तरी काय काय लागते ते आधी पाहू तरी." या प्रसंगी गुरुजींचेच ऐकलेले बरे. बाळंतपणाची तारीख कुणासाठी थांबत नाही. एका कागदापायी प्रवास आठ दिवस लांबला, तर ज्यासाठी जायचे तेच हुकायचे.

देश कुठे, विमान कुठले?

फिजी म्हणजे तीनशेहून अधिक बेटांचा समूह. त्यांतल्या सुमारे शंभर बेटांवरच वस्ती आहे. सर्वात मोठे बेट व्हिटी लेवू. राजधानी सुवा या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, तर मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळ पश्चिम किनाऱ्यावर नांदी येथे. इंग्रजी लिपीत या गावाचे नाव वाचून पुष्कळ जण 'नादी' म्हणतात, पण तिथल्या भाषेत 'ड' या अक्षराच्या उच्चारात आधी अनुनासिक येतो, म्हणून नांदी. नांदीहून सुव्याला रस्त्याने साधारण चार तास लागतात. लेक सुव्यात असली तरी विमान बहुधा नांदीलाच उतरेल, हे लक्षात घेऊन पुढची गाडी ठरवावी.

तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असते. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा फिजीत मध्यरात्र उलटून दुसरी तारीख लागलेली असते. तिकिटावरची पोहोचण्याची तारीख स्थानिक असते. जावयाला आणायला बोलावताना या तारखेचा घोळ होऊ देऊ नये.

पासपोर्टची मुदत

पहिली अट पासपोर्टची. फिजीतला मुक्काम संपल्यानंतर पुढे किमान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी लागते. इथे हिशेबात चूक होते. सहा महिने निघण्याच्या दिवसापासून मोजायचे नसतात. गुरुजी जूनमध्ये निघून सप्टेंबरअखेर परतणार असतील, तर पासपोर्ट पुढच्या वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत तरी चालू हवा. मुक्काम महिनाभर वाढण्याची शक्यता असेल, तर तोही महिना त्यात धरावा.

मोठ्यांचा पासपोर्ट सामान्यतः दहा वर्षांचा असतो. लहान मुलांचा पाच वर्षांचा. आईवडिलांचे पासपोर्ट चालू आहेत म्हणून निश्चिंत राहावे आणि शाळकरी मुलाचा पासपोर्ट संपत आलेला निघावा, असे सहज होऊ शकते. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट पाहू नये. तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरशः एकच असावे. लग्नानंतर बदललेले नाव तिकिटावर आणि माहेरचे नाव पासपोर्टवर, असा प्रकार तर मुळीच नको.

दुसरी अट परतीच्या किंवा पुढच्या प्रवासाच्या तिकिटाची. पाहुणा परत जाणार आहे याची ती खूण. "बाळंतपण कसे होते ते पाहून परतीचे तिकीट काढू," हा विचार आईच्या मनाला पटणारा असला, तरी इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला पटणारा नाही. एकमार्गी तिकीट घेऊन निघालेल्या प्रवाशाला मुंबईच्या विमानतळावरच अडवले जाऊ शकते. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, म्हणून कंपनीचे कर्मचारीच आधी तपासतात. यावर उपाय सोपा आहे. तारीख बदलता येईल असे परतीचे तिकीट घ्यावे, भले चार पैसे जास्त पडोत.

तिसरी अट राहण्याची आणि खर्चाची सोय. हॉटेलात उतरणार असाल तर आरक्षणाचा कागद. मुलीकडे उतरणार असाल तर तिचे किंवा जावयाचे पत्र, त्यात त्यांचा संपूर्ण पत्ता, दूरध्वनी क्रमांक, नोकरीचे ठिकाण आणि पाहुणे किती दिवस राहतील याचा उल्लेख. सोबत त्यांच्या तिथल्या वास्तव्याच्या परवान्याची प्रत आणि गुरुजींच्या निवृत्तिवेतनाचा किंवा बँकेचा ताजा उतारा. हे सगळे कागद विचारले जातीलच असे नाही. पण विचारले गेल्यावर बॅगेच्या तळाशी शोधाशोध करण्यापेक्षा हातातल्या पिशवीत एका पाकिटात असलेले बरे.

वाटेतला देश विसरू नका

फिजीला व्हिसा लागत नाही, पण फिजीला जाताना वाटेत जो देश लागतो त्याचे काय? सगळ्यात मोठी फसगत होते ती इथे. भारतातून फिजीला थेट विमान नाही. कुठेतरी विमान बदलावेच लागते आणि त्या ठिकाणचे नियम वेगळे असतात.

ऑस्ट्रेलियामार्गे जायचे झाले, म्हणजे सिडनी, मेलबर्न किंवा ब्रिस्बेनला विमान बदलायचे झाले, तर भारतीय पासपोर्टधारकाला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा आधी घ्यावा लागतो. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकायचे नसले तरीही! हा व्हिसा जास्तीत जास्त ७२ तासांचा असतो आणि त्याला शुल्क नाही, पण अर्ज करून तो मिळवावा लागतो आणि त्याला दिवस लागतात. न्यूझीलंडमार्गे, म्हणजे ऑकलंडला विमान बदलून जाणाऱ्या बहुतेक भारतीयांनाही तसाच व्हिसा लागतो. अमेरिकेहून फिजीला जाणाऱ्याला तर लॉस एंजेलिसला विमान बदलण्यासाठीसुद्धा अमेरिकेचा व्हिसा हवाच.

स्वस्त तिकीट शोधताना पुष्कळदा ऑस्ट्रेलियामार्गे जाणारे तिकीट हाती लागते. तिकीट काढून देणारा दलाल व्हिसाचे बोलतोच असे नाही. तिकिटात वाचलेले पैसे मग विमानतळावरून परत फिरण्यात जातात.

सिंगापूर आणि हाँगकाँग हे मार्ग भारतीयांना त्या मानाने सोयीचे. सिंगापूरला विमानतळाच्या आतल्या भागातच थांबून पुढच्या विमानात बसायचे असेल, तर व्हिसा लागत नाही. हाँगकाँगलाही विमानतळाच्या आतच राहायचे असेल तर अडचण नसते. मात्र हाँगकाँग शहर पाहायला बाहेर पडायचे असेल, तर भारतीयांना जानेवारी २०१७ पासून आधी नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे.

यातही एक मेख आहे. मुंबई ते सिंगापूर एक तिकीट आणि सिंगापूर ते नांदी दुसरे, अशी दोन वेगळी तिकिटे काढली की सामान मुंबईहून थेट नांदीपर्यंत जाईलच असे नाही. सामान सिंगापूरला ताब्यात घेऊन पुन्हा द्यायचे, तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागते आणि बाहेर यायचे तर सिंगापूरचा व्हिसा हवा. म्हणून मुंबईपासून नांदीपर्यंत एकच तिकीट असावे आणि सामानाच्या चिठ्ठीवर शेवटचे ठिकाण नांदी आहे ना, ते काउंटर सोडण्यापूर्वी वाचून घ्यावे. परतीच्या प्रवासालाही हेच नियम लागू होतात. जाताना एका मार्गाने आणि येताना दुसऱ्या मार्गाने येणाऱ्यांनी दोन्ही वाटा तपासाव्यात.

डिंकाचे लाडू आणि खसखस

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईची बॅग कशी असते, हे मराठी घरात सांगायला नको. डिंकाचे लाडू, घरी कढवलेले तूप, अळीव, बाळंतशेपा, खारीक-खोबरे, खसखस, मेतकूट, लोणचे, बाळाला धुरी द्यायला ओवा आणि वावडिंग, बारशासाठी नारळ-सुपारी आणि गावच्या सुताराने केलेला लाकडी खुळखुळा. प्रेमाने भरलेली ही बॅग फिजीच्या विमानतळावर सगळ्यात जास्त अडचणीत येऊ शकते.

विमानातच किंवा निघण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला आगमनपत्र भरावे लागते. त्यात एक महत्त्वाचा प्रश्न असतो. खाद्यपदार्थ, वनस्पती, बियाणे, प्राण्यांपासून तयार झालेले पदार्थ, लाकडी किंवा गवती वस्तू यांपैकी काही जवळ आहे का? याचे उत्तर खरे द्यायचे. ताजी फळे, भाज्या, रोपे, रुजणारे बी, मांस आणि दुधाचे पदार्थ यांवर कडक निर्बंध आहेत. पुडीबंद, कारखान्यात तयार झालेला कोरडा पदार्थ तपासणीनंतर सुटू शकतो, तर घरी केलेल्या, नाव-पत्ता नसलेल्या पदार्थाबद्दल अधिकाऱ्याला शंका येणे स्वाभाविक आहे.

वस्तू जाहीर केली तर फार तर काय होईल? ती काढून घेतली जाईल आणि नष्ट केली जाईल. लपवली आणि सापडली, तर दंड आणि मनस्ताप. लाडू गेले तर वाईट वाटेल, पण परवान्याच्या खिडकीपासून चार पावलांवर खोटेपणाचा शिक्का बसणे त्याहून वाईट. म्हणून ज्या वस्तूबद्दल शंका आहे तिच्यापुढे 'होय' लिहावे. इंग्रजीची अडचण असेल तर पत्र घाईने भरू नये, शेजाऱ्याची किंवा हवाई सुंदरीची मदत घ्यावी. सही आपली असते, तेव्हा जबाबदारीही आपलीच.

हा नियम म्हणजे पाहुण्यांना दिलेला त्रास आहे असे वाटत असेल, तर फिजीचा इतिहास पाहावा. १८८३ मध्ये उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी तिथे भारतीय जातीचे मुंगूस नेऊन सोडण्यात आले. मुंगसाने उंदरांबरोबर जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे, बेडूक यांचाही फडशा पाडला. ज्या बेटांवर मुंगूस पोहोचले, तिथून काही स्थानिक पक्षी पार नाहीसे झाले. किडे खाण्यासाठी नेलेली साळुंकीही तिथे अशीच फोफावली. बेटावरचे जीवन इतके नाजूक असते की बाहेरचा एक प्राणी, एक कीड किंवा एका फळातली अळी सारे गणित बिघडवू शकते. ज्या देशाचे ऊस आणि शेतीवर इतके अवलंबून आहे, तो बुटाच्या तळव्याला लागलेल्या मातीकडेही संशयाने पाहतो, यात नवल नाही. बूट स्वच्छ धुऊनच बॅगेत घालावेत.

खसखशीबद्दल आणखी एक सूचना. ती अफूच्या बोंडातली. आपल्या स्वयंपाकघरात ती निरुपद्रवी असली तरी सिंगापूरसह काही देशांत तिच्यावर अमली पदार्थांच्या कायद्याखाली कडक निर्बंध आहेत. सिंगापूरमार्गे जाणाऱ्या बॅगेत खसखस असूच नये. लाडवातसुद्धा नको.

मग लेकीला लाडू मिळायचेच नाहीत का? जरूर मिळतील. फिजीत भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. २००७ च्या जनगणनेत ते सुमारे ३७ टक्के होते. त्यामुळे कणीक, डाळी, तूप, हळद, जिरे, मेथी तिथल्या बाजारात मिळते आणि नारळ तर घरोघरी. महाराष्ट्रातून फिजीला नारळ नेणे म्हणजे कोकणात आंबे घेऊन जाण्यासारखे आहे. आईने हातचा गुण तेवढा सोबत न्यावा आणि लाडू तिथेच वळावेत.

चार महिन्यांत काय करता येते, काय नाही

नांदीला उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीत प्रश्न साधे असतात. कशासाठी आलात? किती दिवस राहणार? कुठे राहणार? परत कधी जाणार? उत्तरे सरळ आणि खरी द्यावीत. "मुलीचे बाळंतपण आहे, तीन महिने राहणार, हा पत्ता, हे परतीचे तिकीट" एवढे पुरे. पती-पत्नींनी वेगवेगळ्या खिडक्यांत जाऊन वेगवेगळी उत्तरे देऊ नयेत, एकत्रच जावे. शेवटचा निर्णय त्या अधिकाऱ्याचा असतो. व्हिसामुक्त प्रवेश ही सवलत आहे, हक्क नव्हे.

शिक्का मारला की लगेच निघून जाऊ नये. त्यावर किती दिवसांचा परवाना लिहिला आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते तिथेच वाचावे. चार महिने ही वरची मर्यादा आहे. अधिकारी त्याहून कमी मुदत देऊ शकतो. आणखी राहण्याची गरज पडली, तर मुदत संपण्यापूर्वी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे शुल्क भरून वाढ मागता येते. सगळे मिळून सहा महिन्यांच्या पुढे मात्र अभ्यागत म्हणून राहता येत नाही. मुदत संपल्यावर एक दिवसही राहणे हा गुन्हा ठरतो आणि पुढे दुसऱ्या कुठल्याही देशाच्या व्हिसाच्या अर्जात तो डाग आडवा येतो.

या परवान्यावर नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षण घेता येत नाही. गुरुजींना शेजारच्या शाळेने प्रेमाने गणित शिकवायला बोलावले, पैसे देऊ केले, तरी नम्रपणे नकार द्यावा. नातवंडाला खेळवणे, लेकीला न्हाऊ-माखू घालणे, संध्याकाळी समुद्रावर फिरणे याला कुणाचीच हरकत नाही.

बाळ जन्मले की त्याच्याही कागदांचा विचार करावा लागतो. आईवडील भारतीय नागरिक असतील, तर परदेशात जन्मलेल्या बाळाच्या जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी, असा आपला नागरिकत्वाचा कायदा सांगतो. सुव्यात भारताचे उच्चायुक्तालय आहे. आजी-आजोबांसोबत बाळाला पुढे कधी भारतात आणायचे असेल, तर त्याचा पासपोर्ट आधी तयार हवा. आणि आई किंवा वडील यांपैकी एकच जण लहान मुलाला घेऊन प्रवास करणार असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र आणि जन्माचा दाखला जवळ ठेवावा.

पैसा, औषधे आणि प्रकृती

फिजीचे चलन फिजी डॉलर. भारतात ते सहजी मिळत नाही, म्हणून अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन डॉलर नेऊन तिथे बदलणे सोयीचे. दहा हजार फिजी डॉलर किंवा तितक्या किमतीचे परकीय चलन जवळ असेल, तर ते आगमनपत्रात जाहीर करावे लागते. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बहुतेक देशांच्या प्रवासाला एका वेळी तीन हजार अमेरिकी डॉलरपर्यंतच रोख परकीय नोटा नेता येतात. बाकीची रक्कम कार्डावर ठेवावी. पैशांच्या बाबतीत तिथे अगदीच परके वाटणार नाही. बँक ऑफ बडोदा १९६१ पासून आणि आयुर्विमा महामंडळ १९५६ पासून फिजीत काम करीत आहेत.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या टापूतून नुकताच प्रवास झाला असेल, तर पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला मागितला जातो. केवळ भारतातून निघालेल्याला तो लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर चालतो. करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून फिजीने आपली दारे पर्यटकांना बंद केली होती, ती १ डिसेंबर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने उघडली. त्या काळातल्या लशीच्या अटी आता मागे पडल्या आहेत. पण नियम किती लवकर बदलू शकतात, याचा तो धडा होता.

रक्तदाबाची, मधुमेहाची रोजची औषधे मूळ वेष्टनात, मुक्कामाला पुरतील एवढी आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. सामान चुकले तरी गोळी चुकू नये. डेंग्यूचे डास तिथेही आहेत, तेव्हा बाळासाठी मच्छरदाणी हवी. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चक्रीवादळांचा काळ. फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन वादळाने तिथे ४४ बळी घेतले. बाळंतपणाची तारीख काही आपल्या हाती नसते, पण या महिन्यांत जायचे असेल तर विमान लांबण्याची तयारी ठेवावी. साठीपुढच्या प्रवाशांनी प्रवासविमा काढावा, तो काढताना जुने आजार लपवू नयेत.

एका कागदावर गेलेली माणसे

आज भारतीय माणूस फिजीत पाहुणा म्हणून सहज जातो. पण तिथे गेलेल्या पहिल्या भारतीयांच्या हातातही एक कागद होता. १८७९ मध्ये कोलकात्याहून निघालेले 'लिओनिदास' हे जहाज १४ मे रोजी फिजीला पोहोचले. तेव्हापासून १९१६ पर्यंत सुमारे ६० हजार स्त्री-पुरुष उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी तिथे नेले गेले. त्यांतले पुष्कळ आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले, पुढे मद्रास बंदरातूनही लोक गेले. पाच वर्षांच्या ज्या करारावर त्यांचे अंगठे घेतले गेले, त्या 'ॲग्रीमेंट'चा त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाला आणि ते झाले गिरमिटिया. प्रत्येकाच्या नावाने एक परवाना असे. त्यात बापाचे नाव, गाव, जिल्हा, जात, वय, उंची आणि अंगावरची खूण. दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठवायच्या, असा हिशेबही ठरलेला होता.

या पद्धतीविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत एक ठळक नाव मराठी माणसाचे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ही मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये गेले. पुढल्याच वर्षी पंडित मदनमोहन मालवीयांनी मांडलेला तसाच ठराव सरकारला मान्य करावा लागला आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतल्या उरलेल्या मजुरांचे करारही रद्द झाले.

त्यांच्यातले बहुसंख्य परत आले नाहीत. त्यांची पणतवंडे आज सुवा, नांदी, लबासा या गावांत शेतकरी, दुकानदार, शिक्षक, डॉक्टर आहेत. त्यांची हिंदी भोजपुरी-अवधीच्या अंगाने जाते. दिवाळीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि २०२३ पासून गिरमिट दिनाचीही. विमानतळावर टॅक्सीवाल्याने हिंदीत चौकशी केली तर गुरुजींनी घाईने "तुम्ही भारतातले कुठले?" असे विचारू नये. त्याच्या दृष्टीने तो फिजीचा आहे. मूळ गाव कोणते, हे पुष्कळांना त्या जुन्या परवान्यावरूनच शोधावे लागते.

मूळ फिजियन लोकांच्या खेड्यात जायचा योग आला तर डोक्यावरची टोपी काढावी, अंगभर कपडे असावेत आणि प्रमुखाला भेट म्हणून यांगोना नावाच्या झुडपाची मुळे न्यावीत, असा तिथला रिवाज आहे. गावात येण्याची परवानगी मागण्याची ती रीत आहे. सरकारचा शिक्का विमानतळावर मिळतो, गावाचा असा मिळतो.

निघण्यापूर्वी

नियम सरकारे बदलत असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी नवी दिल्लीतील फिजीच्या उच्चायुक्तालयाकडून प्रवेशाच्या अटींची आणि विमान कंपनीकडून वाटेतल्या देशाच्या अटींची खात्री करून घ्यावी. कागदांच्या दोन प्रती काढाव्यात. एक बॅगेत, एक घरी मुलाकडे किंवा विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी.

बाळंतपणाच्या महिनाभर आधी पोहोचता येईल अशी तारीख धरावी. चार महिन्यांतला एक महिना आधीचा आणि तीन महिने नंतरचे, म्हणजे सव्वा महिन्याची विश्रांती, बारसे आणि बाळ मान धरू लागेपर्यंतचा काळ नीट पार पडतो. एवढे गणित आधी मांडले की लाडवांचे काय, हा प्रश्न तिथे पोहोचल्यावर सुटतो. लेक दारात वाट पाहत असते ती आईची, बॅगेची नव्हे.